आजीला मार्क देता येत नाहीत

मुलाला स्टेजवर धीट करायचं असेल तर त्याच्यासमोर असा एक श्रोता बसवावा, ज्याला त्याच्या बोलण्यातलं निम्मं कळत नाही आणि जे कळतं त्याचा तो हिशेब ठेवत नाही. हा माल बाजारात मिळत नाही. सिंगापूरच्या बाजारात तर मुळीच नाही. तिथे मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांची वाण नाही. शिक्षक कळकळीने शिकवतात, श्रोत्यांच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा ते समजावतात, सत्र संपलं की रंगीत प्रमाणपत्रही देतात. पण ऐकताना त्यांचे कान टवकारलेले असतात आणि हातात पेन असतं. मी म्हणतो तो श्रोता साधारण सत्तरीचा असतो, गुडघ्याला तेल चोळत बसलेला असतो, आणि नातवाने जलचक्रावर ठोकलेलं इंग्रजी भाषण ऐकून झाल्यावर "छान बोललास हो! दूध प्यायलास का?" एवढाच अभिप्राय देतो. आजी-आजोबांमुळे मुलं धीट होतात हे सगळेच मानतात, आणि त्याचं श्रेय माया, संस्कार, अनुभव अशा भारदस्त गोष्टींना देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. माया आईबापांकडेही असते, आणि बऱ्याचदा तीच मुलाच्या पायात येते. संस्कारांनी कुणाची बोबडी वळायची थांबल्याचं ऐकिवात नाही. आजीची खरी करामत त्या दुधाच्या प्रश्नात आहे. तिला मार्क देता येत नाहीत.

याला पुरावा काय, असं कुणी विचारलं तर सुरुवात झुरळांपासून करावी लागेल. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एक सिद्धांत मांडला. चारचौघं बघत असली की माणसाचं मुरलेलं काम सुधारतं आणि न मुरलेलं काम बिघडतं, असा त्याचा मथितार्थ. हे फक्त माणसापुरतं खरं आहे की जीवमात्राला लागू आहे, हे बघायला १९६९ मध्ये त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी झुरळं गोळा केली. एका टोकाला प्रखर दिवा, दुसऱ्या टोकाला अंधारी पेटी. झुरळाला उजेड सोसत नाही, त्यामुळे दिवा लागला की ते अंधाराकडे पळतं. काही झुरळांना सरळ वाट दिली, काहींना वळणाची. मग वाटेच्या कडेने पारदर्शक खोकी मांडून त्यांत प्रेक्षक बसवले. प्रेक्षकही झुरळंच. सरळ वाटेवरची झुरळं प्रेक्षकांसमोर एरवीपेक्षा जोरात पळाली. वळणाच्या वाटेवरच्यांना मात्र एरवीपेक्षा जास्त वेळ लागला. लक्षात घ्या, त्या प्रेक्षकांपैकी एकानेही जांभई दिली नव्हती, कुणी फोनवर बोलत नव्हतं, पहिल्या रांगेत बसून बटाटेवडा खात नव्हतं. नुसती बसली होती. तेवढ्यानेही वळणाचं गणित बिघडलं. घरी घडाघडा येणारी कविता मंडळाच्या स्टेजवर तिसऱ्या कडव्यापाशी का अडते, याचा उलगडा यात आहे. पहिली दोन कडवी सरळ वाट असतात. तिसऱ्यापाशी वळण येतं.

झुरळाचं उदाहरण मुलाला लावल्याबद्दल कुणी रागावेल, म्हणून माणसांकडे वळतो. झायन्सचं म्हणणं असं की, प्रेक्षक नुसते हजर असले तरी पुरे. निकोलस कॉट्रेल आणि सहकाऱ्यांना शंका आली. त्यांनी १९६८ मध्ये माणसांकडून निरर्थक शब्द ओळखण्याचं एक काम करून घेतलं. एका गटाने ते एकट्याने केलं, दुसऱ्या गटाने दोघांच्या देखत केलं. तिसऱ्या गटाच्या वेळीही दोन माणसं खोलीत होती, पण त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. पुढच्या एका प्रयोगासाठी त्यांचे डोळे अंधाराला सरावायला हवेत, अशी थाप मारलेली होती. बघणाऱ्या प्रेक्षकांनी व्हायचा तो परिणाम केला. पट्टीवाल्यांनी काहीच केला नाही; ती माणसं खोलीत असून नसल्यासारखीच. म्हणजे आपल्याला माणसांची भीती वाटत नाही, वाटते ती माणसं करत असलेल्या मोजमापाची. आता आपल्या घरातल्या आजोबांकडे बघा. नातीची कविता सुरू झाल्यावर चौथ्या ओळीला त्यांची मान छातीवर येते आणि शेवटच्या ओळीला ते दचकून "वा वा" म्हणतात. कॉट्रेलला पट्टी बांधायला माणसं शोधावी लागली. आपल्याकडे दुपारच्या जेवणानंतर ती आपोआप तयार होतात.

हा नियम जगात कुठेही लागू आहे, पण सिंगापुरात तो जरा जास्तच झोंबतो. मुलाचं बोलणं तिथे केवळ बोलणं राहत नाही. सहावीच्या शेवटी पीएसएलई नावाची राष्ट्रीय परीक्षा असते, आणि तिच्यात इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला २०० पैकी ३० गुण होते, ते २०२५ पासून ४० झाले. मूल एक उतारा मोठ्याने वाचतं, मग एका चित्रावरून परीक्षकाशी गप्पा मारतं. गप्पांनाही गुण आहेत. आता तर वाचनाआधी हा उतारा कशासाठी आणि कुणासाठी वाचायचा आहे तेही सांगितलेलं असतं, म्हणजे समोर परीक्षक आणि मनात आणखी एक काल्पनिक श्रोतृवर्ग. वादविवाद, वक्तृत्व, नाट्य यांत चमकणाऱ्या मुलाला परीक्षेच्या निकालाआधीच माध्यमिक शाळेत प्रवेश मिळवून देणारी वेगळी वाटही आहे, त्यामुळे बोलका पोरगा ही नुसती कौतुकाची गोष्ट न राहता गुंतवणूक होते. सिंगापूरच्या कुटुंबांनी २०२३ मध्ये शिकवण्यांवर १.८ अब्ज सिंगापूर डॉलर खर्च केले, असं तिथल्या सरकारी पाहणीत आढळलं. या हवेला तिथले लोक स्वतःच 'कियासू' म्हणतात आणि वर हसतात. रांगेत मागे पडू की काय, या भीतीचं ते नाव आहे. हसून झाल्यावर परत रांगेत उभे राहतात.

इथे एक आक्षेप रास्त आहे. सिंगापूर सरकारने २०१९ पासून पहिली-दुसरीच्या गुण मोजणाऱ्या परीक्षा बंद केल्या, पुढे वरच्या वर्गांच्या सहामाही परीक्षाही काढून टाकल्या. मग मुलाला सारखं मोजतं कोण? मोजणारे घरी असतात. सरकारने काढून टाकलेली परीक्षा आईने डायनिंग टेबलावर परत सुरू केलेली असते. मराठी घरात तर याला आणखी एक पदर आहे. तिथल्या शाळेत मातृभाषा सक्तीची. चिनी, मलय, तमिळ या तीन राजमान्य, आणि शिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू या पाचांचीही सोय आहे. यादीत मराठी नाही. त्यामुळे सदाशिव पेठेतून निघून पुंगगोलच्या चौदाव्या मजल्यावर पोचलेल्या घरातला मुलगा मातृभाषेच्या तासाला बहुधा हिंदीची लिंगवचनं घोटत बसतो. मराठी मंडळी याचं दुःख करतात, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या मुद्द्यापुरतं पाहिलं तर ही यादीतली चूक वरदानच ठरली आहे. त्या मुलाच्या आयुष्यात इंग्रजीला मार्क आहेत, हिंदीला मार्क आहेत, गणिताला तर आहेतच. एका मराठीला काही नाही. आजीशी बोलताना 'ती पाणी' म्हटलं तरी ग्रेड खाली येत नाही. सगळ्या बेटावर त्याला चुका करायला मोकळी अशी एवढी एकच जागा, आणि तिथे राखण करायला आजी बसलेली.

आईबापांनी हे काम का करू नये? करावं, पण जमत नाही. एक तर त्यांच्या हातात फोन असतो. मूल बोलायला उभं राहिलं की बाप फोन आडवा धरतो आणि "हं, कर सुरू" म्हणतो; त्या क्षणी समोरचा प्रेक्षक एकाचा दोनशे होतो, कारण हे नंतर ग्रुपवर जाणार हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. दुसरं म्हणजे आईबापांचा सल्ला. "घाबरू नकोस, शांत राहा" हे वाक्य आपण मुलांना इतक्या भक्तिभावाने ऐकवतो की त्याचा उपयोग होतो का, हे तपासायचं राहून गेलं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी ते तपासलं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. भाषणापूर्वी काहींना "मी शांत आहे" म्हणायला लावलं, काहींना "मला हुरूप आलाय" अशा अर्थाचं. हुरूपवाले अधिक पटेल असं बोलले, अधिक वेळ बोलले. छातीतली धडधड काही थांबत नाही. तिला भीती म्हणायचं की उत्साह, एवढंच आपल्या हातात असतं. आजीने ब्रूक्सबाई वाचलेल्या नसतात. पण "घाबरू नकोस" हे तिच्या तोंडी सहसा येतच नाही, कारण यात घाबरण्यासारखं काही आहे हेच तिच्या गावी नसतं. ती म्हणते, "अगं बाई, तुला एकटीला बोलायला देणारेत? सगळ्यांसमोर? मग कुठला फ्रॉक घालणार?" संकटाचा सोहळा करायला याहून छोटा रस्ता मला ठाऊक नाही.

शिवाय तिच्याकडे वेळ असतो, आणि झुरळांच्या प्रयोगाचा धागा इथे परत हाताशी येतो. वळणाची वाट सरळ करायचा उपाय एकच, ती इतक्या वेळा चालायची की पायांना विचारावं लागू नये. हे कंटाळवाणं काम आहे. शिकवणीचा शिक्षक ते तासाच्या हिशेबाने करतो, आई तिसऱ्या वेळी घड्याळाकडे बघते. आजी स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून टेक्का मार्केटातून आणलेली मेथी निवडत बसलेली असते. मुलगा फ्रिजला टेकून सुरू करतो. मध्ये अडला की ती मान वर करत नाही, देठ मोडते, पानं टोपलीत टाकते, "मग पुढे काय झालं?" म्हणते. पहिल्यांदा ऐकताना विचारते तसंच सातव्यांदा. यात अभिनय किती आणि विसराळूपणा किती, हे सांगणं कठीण आहे, आणि सांगायची गरजही नाही. तिचे डोळे मेथीवर असतात ही त्यातली मख्खी आहे. कॉट्रेलची पट्टी ती हीच, फक्त हिरवी. तिने भाजी बाजूला ठेवून, चष्मा लावून, पुढे सरकून ऐकायला सुरुवात केली की तीही परीक्षक झाली म्हणून समजा.

आणि आता सगळ्यात जड आक्षेप. तो महाराष्ट्रातले वाचक कधीचा घेऊन बसले असतील. आमच्याकडचे आजोबा मार्क देत नाहीत म्हणता? आमचे आजोबा निवृत्त मुख्याध्यापक आहेत, लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेतलंही शुद्धलेखन तपासतात. कबूल. ही जमात आहे आणि परदेशात जाताना व्हिसा अधिकाऱ्यांच्या नजरेतून ती निसटते. असे आजोबा 'श' आणि 'ष' यांतला फरक शिकवण्यात नातवाची उभी सुट्टी घालवतात, आणि मूल त्यांना पाहिलं की बाथरूममध्ये जाऊन बसतं. त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे "आमच्या वेळी असली भीती-बिती नव्हती". त्यांच्या वेळच्याही आधीचा दाखला द्यायचा तर विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीला उभे राहिले, त्यांना एक प्रश्न सुचला नाही, आणि ३० रुपये फी परत करून ते बाहेर पडले. भीती तेव्हाही होती. समोर मोजणारा बसला की ती कुणालाही गाठते.

पण याच जातीच्या आजोबांचं एक उदाहरण माझ्या म्हणण्याला आडवं येतं, आणि ते इतकं मोठं आहे की बगल देणं बरं दिसणार नाही. पु. ल. देशपांडे यांचे आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे 'ऋग्वेदी'. आर्यांच्या सणांचा इतिहास लिहिणारे व्यासंगी गृहस्थ. पाच वर्षांच्या नातवाला त्यांनी काही ओळींचं भाषण लिहून दिलं, नातवाने ते शाळेत हावभावांसकट म्हटलं, आणि पुढे सातेक वर्षं आजोबांनी लिहायचं व नातवाने बोलायचं हा कारखाना चालू राहिला. म्हणजे विद्वान, जाणता, चुका कळणारा आजोबा, आणि परिणाम काय तर महाराष्ट्राला शतकभर पुरेल एवढा सभाधीट माणूस! यावर माझं पहिलं उत्तर जरा पळवाटेचं आहे. पुलंना मुळात स्टेजची भीती होती असं कुणी म्हणत नाही; पोहणाऱ्याला बुडण्यावरचं औषध दिलं आणि तो बुडाला नाही, तर औषधाचं नाव होऊ नये. दुसरं उत्तर मला जास्त पटतं. ऋग्वेदींनी भाषण लिहून दिलं, म्हणजे त्यातल्या मजकुराची जबाबदारी स्वतःवर घेतली. भाषण पडलं तर ते आजोबांचं पडलं असतं. चुकलं तर माझं नाव जाणार नाही ही खात्री पाच वर्षांच्या मुलाला असणं, हेही मार्क काढून घेण्यासारखंच आहे. आणि बाराव्या वर्षाच्या सुमाराला नातू स्वतःची भाषणं स्वतः लिहू लागला, तेव्हा आजोबांनी लेखणी खाली ठेवली. हे खाली ठेवणं निवृत्त मुख्याध्यापकांना जमत नाही.

राहिला कणखरांचा पक्ष. त्यांचं म्हणणं, असले लाड कशाला, ढकला पोराला पाण्यात, हातपाय मारेल आपोआप. या पक्षाला सिंगापुरातच एक खणखणीत साक्षीदार मिळतो. ली क्वान यू १९६१ च्या होंगलिम पोटनिवडणुकीत पहिल्यांदा होक्कियन या चिनी बोलीतून जाहीर भाषणाला उभे राहिले. तेव्हा ते पंतप्रधान होते, वय ३७, केंब्रिजचे पदवीधर. ही बोली ते नुकतेच शिकायला लागले होते. चायना स्क्वेअरच्या गर्दीतली मुलं त्यांचे उच्चार आणि वाक्यरचना ऐकून हसली, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. लाजून चालणार नव्हतं, प्रश्न जीवनमरणाचा होता, असंही ते म्हणतात. ते बोलत राहिले आणि होक्कियन बोलायला शिकले. कणखर पक्ष इथे टाळ्या वाजवतो. पण साक्षीदाराची उलटतपासणी केली तर दोन गोष्टी बाहेर येतात. एक, ती पोटनिवडणूक त्यांचा पक्ष सपाटून हरला. दुसरी, हसणाऱ्या त्या मुलांकडे परत एकदा बघा. आपला मुलगा दुसरीतल्या 'शो अँड टेल'ला वर्गासमोर उभा राहतो तेव्हा त्याचा सगळा श्रोतृवर्ग याच वयाचा असतो. जे हसू पंतप्रधानाला इतकी वर्षं लक्षात राहिलं, ते सात वर्षांच्या पोराने रोज सकाळी पचवावं, ही अपेक्षा कणखर आहे की नुसतीच अडाणी? लींकडे राज्य चालवण्याची निकड होती. आपल्या पोराकडे फक्त पाण्याची बाटली आहे, तीही दाखवून झाल्यावर घरी आणायची.

होंगलिमच्या त्या परिसरातल्या बागेत २००० सालापासून 'स्पीकर्स कॉर्नर' आहे. आधी नाव नोंदवून तिथे नागरिकाला भाषण करता येतं. परदेशी माणसाला मात्र नाही. सभाभीत मराठी पाहुण्यांसाठी याहून सुखाची तरतूद एखाद्या कायद्यात क्वचितच सापडेल.

सिंगापूर सरकारला आजीचं मोल कळलेलं आहे, हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी ते आकड्यातही मांडलं आहे. नोकरी करणाऱ्या आईच्या मुलाला आजी किंवा आजोबा सांभाळत असतील तर आईला करपात्र उत्पन्नात ३,००० डॉलरची सवलत मिळते. मूल साधारणपणे १२ वर्षांपर्यंतचं असावं लागतं, म्हणजे पीएसएलई झाली की सरकारच्या लेखी आजीचं काम संपलं. जुनं घर विकत घेताना ते आईवडिलांच्या घरापासून ४ किलोमीटरच्या आत घेतलं तर कुटुंबाला २०,००० डॉलर अनुदान, एकत्रच राहिलात तर ३०,०००. ही सगळी सोय मुख्यतः तिथल्या नागरिकांची. मराठी नोकरदाराच्या आजीचं गणित निराळं. नोकरीच्या परवान्यावर आलेल्याचा पगार महिना किमान १२,००० डॉलर असेल तर आईवडिलांना दीर्घ मुदतीचा पास मागता येतो. नसेल तर ती पाहुणी म्हणून येते, चकल्यांचा डबा रिकामा होईपर्यंत राहते आणि जाते. म्हणून तिचं काम घाईचं. उरलेलं वर्ष व्हिडिओ कॉलवर भागवावं लागतं. त्यावर तिचं अर्धं कपाळच दिसतं आणि "ऐकू येतंय का?" यात कवितेचं पहिलं कडवं वाहून जातं, पण मला हे फार मोठं नुकसान वाटत नाही. ज्या श्रोत्याला आपण धड दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्यासमोर माणूस भलताच मोकळा बोलतो.

यावर व्यवहारी आईबाप म्हणतील, एवढं सगळं ठीक, पण बाहेरच्या जगाने मार्क देणं थांबवलेलं नाही. आजीपुढे धीट झालेलं पोर परीक्षकापुढे लटपटलं तर? लटपटेल. थोडं लटपटावंही. आजी भीती घालवते असा दावा मी केलेला नाही. ती फक्त वाट इतकी पायाखालची करून देते की, भीती आली तरी पाय चालत राहतात. झायन्सचा अर्धा नियम आपण घाबरून विसरतो. मुरलेलं काम प्रेक्षकांसमोर सुधारतं. सरळ वाटेवरची झुरळं दिवा आणि प्रेक्षक दोन्ही असताना जास्त जोरात पळाली होती. मेथीपुढे दहादा म्हटलेलं भाषण परीक्षकापुढे उजळतं ते त्यामुळे. मात्र हे कळल्याबरोबर काही उत्साही सुना सासूबाईंना तोंडी परीक्षेचं गुणपत्रक समजावून सांगायला घेतील, उच्चार, ओघ, आत्मविश्वास अशा रकान्यांचा तक्ता छापून फ्रिजवर लावतील, आणि आजीच्या हातात पेन देतील. तसं झालं की हा लेख वाया गेला.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती पंचांगातली आहे. पीएसएलईची तोंडी परीक्षा ऑगस्टमध्ये असते. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव आणि त्यातला मुलांचा कार्यक्रमही त्याच्याच आगेमागे. म्हणजे आजीची सगळ्यात जास्त गरज श्रावण-भाद्रपदात, आणि आजी नेमकी तेव्हा हलायला तयार नसते, कारण तिच्याकडे गौरी बसतात. लेक सांगते, तिकीट काढलंय. सून सांगते, खोली लावून ठेवलीय. अनुराधा नक्षत्रावर उंबरठ्याशी कोण उभं राहणार, पुरणाचं कोण बघणार, मुखवटे वर माळ्यावर आहेत ते धाकट्या जावेला सापडायचे नाहीत, अशी एकेक कारणं ती काढत जाते. मुलाच्या परीक्षेचा विषय निघाला की म्हणते, गौरी वर्षातून एकदाच येतात. परीक्षा काय, या वर्षी थोरल्याची झाली की पुढच्या वर्षी धाकट्याची आहेच.